सध्या काय वाचता?



कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात पहिला तास परिचयाचा असतो. नाव, गाव, कामाचे क्षेत्र सांगून झाले की संचालक विचारतात, ‘सध्या काय वाचता?’ मग येणारी उत्तरे ऐकण्यासारखी असतात. कोणी मार्क्सचे नाव घेतो, कोणी लोहियांचे, कोणी आंबेडकरांच्या एखाद्या खंडाचे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याच कार्यकर्त्याच्या पिशवीतून एखादी रहस्यकथा डोकावते आणि पिशवीचे तोंड घाईघाईने आवळले जाते. ज्यांच्या पिशवीत काहीच नसते, ते तर अधिकच जड ग्रंथाचे नाव सांगतात. एवढ्या साध्या प्रश्नाला खोटे उत्तर द्यावेसे वाटावे, यात दोष कार्यकर्त्याचा थोडा आणि विचारण्याच्या रीतीचा फार आहे. तो प्रश्न चौकशीसारखा विचारला जातो. उत्तरावर गुण मिळणार असे समोरच्याला वाटते.

हाच प्रश्न कामगारांनी एकमेकांना कसा विचारला, याचा एक इतिहास आहे आणि तो तंबाखूच्या धंद्यात घडला आहे. 1865 साली हवाना शहरातील एका सिगार कारखान्यात कामगारांनी एक प्रथा सुरू केली. सिगार वळण्याचे काम हाताचे आणि शांततेचे. यंत्राचा खडखडाट नाही. हात गुंतलेले, कान मोकळे. तेव्हा एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी काम करीत ऐकावे आणि वाचणाऱ्याची बुडालेली मजुरी इतरांनी भरून द्यावी, असे ठरले. पाहता पाहता ही प्रथा इतर कारखान्यांत पसरली. क्यूबावर तेव्हा स्पेनची सत्ता होती. पुस्तक ऐकणारा कामगार आज कादंबरी ऐकेल, उद्या आणखी काही ऐकेल, हे सत्ताधाऱ्यांच्या लगेच ध्यानात आले. 1866 च्या मे महिन्यात या वाचनावर बंदी आली. पुढे स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात देशोधडीला लागलेले सिगार कामगार फ्लोरिडात की वेस्ट आणि टँपा येथे गेले आणि जाताना ही प्रथाही बरोबर घेऊन गेले.

टँपाच्या कारखान्यांत वाचणाऱ्यासाठी उंच व्यासपीठ बांधलेले असे. सकाळी वर्तमानपत्रे, नंतर कादंबरी असा साधारण क्रम असे. वाचणाऱ्याचा पगार मालक देत नसे. तो कामगार आपल्या मजुरीतून देत. आणि पुढचे पुस्तक कोणते, हे कामगार मतदानाने ठरवीत. या दोन गोष्टींतच या प्रथेचे सारे मर्म आहे. ज्याचा पैसा त्याची निवड, आणि निवड म्हटली की वाद आलाच. एका गटाला झोला हवा, दुसऱ्याला ह्यूगो, तिसऱ्याला सर्व्हांटिस. पुस्तकाची शिफारस करणाऱ्याला ते का ऐकावे हे शेजारच्या बाकावरील माणसाला पटवून द्यावे लागे. यांपैकी कितीतरी कामगारांना स्वतः वाचता येत नव्हते. पण पुस्तकाविषयी मत मात्र प्रत्येकाला होते. द्यूमाची कादंबरी या श्रोत्यांना इतकी प्रिय की 1935 मध्ये निघालेल्या एका प्रसिद्ध सिगारला ‘माँतेक्रिस्तो’ हे नाव मिळाले ते तिच्यावरूनच, असे सांगतात.

1931 साली टँपाच्या मालकांनी ही व्यासपीठे काढून टाकली. जहाल मजकूर वाचला जातो, हे कारण देण्यात आले. कामगारांनी संप केला, पण वाचन परत आले नाही. पुढे त्या जागी रेडिओ आले. मालकांनी कानांना विरंगुळा नाकारला नाही, काढून घेतली ती निवड. रेडिओवर काय लागावे यासाठी कोणी मतदान घेत नाही. हातातल्या मोबाइलवर दिवसभर काही ना काही आपोआप पुढे सरकत राहते, त्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नसावी. क्यूबातील कारखान्यांत मात्र वाचनाची प्रथा आजही चालू आहे.

भारतात याचे सख्खे भावंड शोधायचे तर केरळात कण्णूरला जावे लागते. तेथील विडी कामगारांत एकाने वर्तमानपत्र किंवा पुस्तक वाचावे आणि त्याच्या वाटच्या विड्या इतरांनी वळून द्याव्यात, ही रीत जुनी आहे. 1966 चा विडी व सिगार कामगार कायदा लागू करण्याची वेळ आली तेव्हा तेथील खाजगी मालकांनी कारखाने बंद केले. बेकार झालेल्या कामगारांना घेऊन 1969 साली ‘केरळ दिनेश बीडी’ ही सहकारी संस्था उभी राहिली. तिच्या कामाच्या दालनांतूनही वाचन चालू राहिले. विडीचा खप घटला तेव्हा संस्था इतर उत्पादनांकडे वळली, हा भाग निराळा.

मग सोलापुरात हे का घडले नाही? तेथेही विडी कामगार हजारोंनी आहेत आणि त्यांच्या युनियनची परंपरा जुनी आहे. कारण उघड आहे. तेथे विडी वळतात त्या बायका, आणि वळतात त्या आपापल्या घरी. कारखान्यातून पाने आणि तंबाखू घरी न्यायची, चुलीपाशी सूप मांडीवर घेऊन बसायचे आणि वळलेला माल परत नेऊन द्यायचा. घरकामाची ही पद्धत मालकाचा जागेचा खर्च वाचवते, हे युनियनच्या पत्रकांतून अनेकदा आले आहे. तिने कामगारांचे एकत्र ऐकणेही हिरावून घेतले, हे मात्र पत्रकात येत नाही. एकटीने वळणारीला शेजारणीचे पुस्तक कसे कळणार?

एकत्र वाचनाची किंमत समाजवादी चळवळीला ठाऊक नाही असे नव्हे. 1932-33 मध्ये नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे ही मंडळी एकत्र आली. त्यांच्या तेथील वाचनातून आणि वादविवादांतूनच 1934 च्या काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली. त्याच नाशिक तुरुंगात 1933 साली साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. एकाच तुरुंगाच्या भिंतींआड अर्थशास्त्राचा काथ्याकूटही झाला आणि आईच्या आठवणींनाही जागा मिळाली. अभ्यासवर्गाच्या यादीत मात्र पहिल्यालाच प्रवेश असतो. म्हणून कादंबरी वाचणारा कार्यकर्ता ती लपवतो, आणि त्या कादंबरीतून त्याला माणसांविषयी जे कळले ते त्याच्यापाशीच राहते.

यादी करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु ती करताना ज्यांनी वाचायचे त्यांना कोणी विचारलेले नसते. टँपाच्या कामगाराला असे काही मंजूर झाले नसते. त्याने आधी मत मागितले असते. वर्ग घेणाऱ्याने पहिल्या तासाला स्वतःच्या पिशवीतले खरे पुस्तक, मग ते कोणतेही असो, बाहेर काढून टेबलावर ठेवले तर बाकीच्या पिशव्याही उघडतील.

सोलापुरात वाचन सुरू करायचे तर पहिली अडचण भाषेची येईल. तेथील विडी वळणाऱ्या कितीतरी बायकांच्या घरची बोली तेलुगू आहे, मुलांची शाळा मराठी आहे. कोणते पुस्तक, कोणत्या भाषेत, कोणाच्या आवाजात, हे त्यांनाच विचारावे लागेल. जागेची अडचण तितकी मोठी नाही. वळलेला माल द्यायला बायका कारखान्यात येतात, तेव्हा विड्यांची तपासणी होईपर्यंत त्यांना एकत्र थांबावे लागते.