चित्रातील विनोद कसा उमगतो
(रामाकोना येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यंगचित्र म्हणजे शिकलेल्यांची करमणूक, असा एक समज आहे. सौंसर-पांढुर्ण्याकडील माणसाने तरी तो बाळगू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पलीकडे नागपुरात काळी व पिवळी मारबत निघते आणि तिच्याबरोबर बडगे निघतात. ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासूनची. महागाई, लाचखोरी, रोगराई, जे त्या वर्षी लोकांना खुपते त्याचा बडग्या होतो. सुटलेले पोट, अक्राळविक्राळ तोंड, गळ्यात फलक! फलक वाचता न येणारी म्हातारीही तो पाहून तोंडाला पदर लावते. हे व्यंगचित्रच होय. कागदाऐवजी कामट्यांवर उभे केलेले, इतकेच.

ती पोट पाहून हसत नाही. ते कशाने भरले, हे तिला आधीच ठाऊक असते. चित्र अर्धी गोष्ट सांगते. उरलेली अर्धी पाहणाऱ्याने पदरची घालायची असते. शि. द. फडणीस यांचे १९५२ च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ पाहा. तरुण-तरुणी उभे आहेत. एकाच्या कपड्यांवर मांजरे, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. खाली एक अक्षर नाही. पाहणारा क्षणभर थबकतो, दोन टोके जोडतो आणि हसतो. तो क्षण कोणी समजावून सांगून हिरावला, की हसू विझलेच.

मात्र तोंडाजवळचा फुगा, डोक्याभोवतीचे तारे, ही खुणांची लिपी आहे आणि लिपी शिकावी लागते. नेपाळमध्ये १९७० च्या दशकात खेड्यातील शेकडो प्रौढांना चित्रे दाखवून पाहिली, तेव्हा चित्रमाला डावीकडून उजवीकडे पाहायची असते, हे अनेकांना अभिप्रेतच नव्हते.

आमच्या खात्यांना येथेच सावध राहावे लागते. हिवतापाच्या भित्तिपत्रकावर डासाला मिशा काढल्या, तर पोरे डासाला हसतात. उघड्या रांजणाकडे कोणी पाहत नाही. विनोद रांजणापाशी हवा. तेव्हा पत्रक छापण्यापूर्वी ते आठवडी बाजारात चार जणांपुढे धरावे. ‘समजले का?’ असे विचारू नये. साहेबाला ‘हो’च म्हणतात.

बाहेर तीन भित्तिपत्रके लावली आहेत. जाताना शेजारी बसलेल्या लेखनिकाला प्रत्येकात काय दिसले, तेवढे सांगून जावे.