पाहुणे खेळाडू आणि यजमान देश

घरीं लग्नकार्य निघालें म्हणजे घराची सारी कळाच बदलते. दहा वर्षें ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलें नाहीं तें छप्पर शाकारलें जातें, भिंतींना चुना लागतो, आडाचा गाळ निघतो. आणि मुहूर्त ठरलेला असल्यामुळें हीं सारीं कामें मुदतींत होतात. राष्ट्रांचेंहि असेंच आहे. एखाद्या देशानें आंतरराष्ट्रीय क्रीडासोहळ्याचें यजमानपण पत्करलें कीं वर्षानुवर्षें कागदावर पडून राहिलेले रस्ते, पूल व क्रीडागृहें एका ठराविक तारखेच्या धाकानें उभीं राहतात. परंतु कार्य उरकल्यावर घरांत काय उरलें आणि देणें किती झालें, हें शहाणीं माणसें शांतपणें पाहतात. २०३० सालच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला व्हावयाच्या, असें नोव्हेंबर २०२५ मध्यें जाहीर झालें आहे. तेव्हां हा हिशेब आतांच मांडलेला बरा.

स्वतंत्र भारतानें असें पहिलें मोठें यजमानपण केलें तें १९५१ च्या मार्च महिन्यांत. दिल्लींतील त्या पहिल्या आशियाई स्पर्धांना ११ देशांचे खेळाडू जमले. फाळणीच्या जखमा अद्याप ओल्या होत्या, देश गरीब होता. त्या सोहळ्याचें मोल पैशांत करूं जाणें व्यर्थ आहे. महायुद्धानंतर १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें जपानला प्रवेश मिळाला नव्हता. त्या जपानला दिल्लीनें सन्मानानें पंक्तीला बसविलें, आणि पदकांच्या यादींत तोच पहिला आला, आपण दुसरे. पाहुण्यानें पक्वान्न संपवावें आणि यजमानानें आग्रह करकरून वाढावें, अशांतलाच हा प्रकार! परंतु नव्या राष्ट्राची पत अशा पंगतींतूनच वाढत असते.

आपल्या मराठी मुलखापुरतें बोलावयाचें तर १९८७ च्या क्रिकेट विश्वचषकाची हकीकत सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. १९७५, १९७९ आणि १९८३ असे तिन्ही विश्वचषक इंग्लंडमध्येंच झाले होते, व पुढलाहि तेथेंच व्हावयाचा हें जणु विधिलिखित समजलें जात होतें. १९८३ सालीं कपिलदेव यांच्या संघानें लॉर्ड्सच्या मैदानावर अजिंक्यपद मिळविलें, त्या वेळीं नागपूरचे एन्. के. पी. साळवे हे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. अंतिम सामन्याच्या कांहीं जादा प्रवेशपत्रिका त्यांनीं मागितल्या व त्या त्यांना मिळाल्या नाहींत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. साळवे यांनीं तो अपमान गिळला नाहीं आणि त्याची हाकाटीहि केली नाहीं. पाकिस्तानच्या मंडळाला सोबत घेऊन त्यांनीं पुढला विश्वचषकच इकडे आणला. इंग्लंडमधील उन्हाळ्याचा दिवस लांब, आपला ऑक्टोबर-नोव्हेंबरचा दिवस आंखूड. म्हणून साठ षटकांचे सामने पन्नास षटकांचे झाले, आणि विश्वचषकांत पुढें तोच दंडक कायम झाला. यजमानपदहि त्यानंतर देशोदेशीं फिरूं लागलें. १९९२ सालीं तें ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याकडे गेलें आणि १९९६ सालीं पुन्हां आपल्या उपखंडांत आलें. खेळाचे नियम आपल्या सूर्याच्या उदयास्ताप्रमाणें ठरावेत, हा यजमानाचा लाभ मला तिकिटविक्रीच्या कोणत्याहि आंकड्याहून मोठा वाटतो. त्याच स्पर्धेंत ३१ ऑक्टोबर १९८७ रोजीं साळवे यांच्याच नागपुरांत चेतन शर्मानें न्यूझीलंडचे तीन गडी लागोपाठच्या तीन चेंडूंवर बाद केले. विश्वचषकांत असें पूर्वीं कधींच घडलें नव्हतें. सुनील गावसकरांनीं एकदिवसीय सामन्यांतील आपलें एकमेव शतकहि त्याच दिवशीं काढलें. आम्हीं पालमच्या मंडळींनीं तो दिवस रेडिओला कान लावून काढला.

यजमानाला आणखी एक अधिकार असतो. घरचा पदार्थ त्याला पाहुण्यांच्या पानांत वाढतां येतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून आलें, त्याचें कौतुकहि झालें. पण परक्याच्या घरीं कौतुकापुढें मजल जात नाहीं. १९८२ सालीं आशियाई स्पर्धा दुसऱ्यांदा दिल्लींत भरल्या तेव्हां यजमान या नात्यानें आपण कबड्डी प्रात्यक्षिकासाठीं मांडली. पुढें १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत ती पदकाच्या खेळांत जाऊन बसली, आणि पहिलें सुवर्णपदकहि आपणच मिळविलें.

त्या १९८२ च्या सोहळ्यासाठीं दिल्लींत जें बंदिस्त क्रीडागृह बांधलें गेलें, त्यांतच जानेवारी २०२५ मध्यें खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. ज्या खेळाचे नियम १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें बांधले, तो खेळ खेळावयास परदेशांतले संघ आले! पुरुषांत व स्त्रियांत दोन्हींकडे अंतिम सामन्यांत नेपाळला हरवून भारत विजयी झाला. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर व स्त्रियांची कर्णधार प्रियंका इंगळे, दोघेहि महाराष्ट्राचे. आणि प्रियंका तर मूळची आमच्या मराठवाड्यांतील बीड जिल्ह्याची. हें ऐकून आमच्या भागांतल्या किती मुलींनीं ओढण्या कमरेला खोंचल्या असतील!

आतां देण्याची बाजू. कॅनडांतील माँट्रियल शहरानें १९७६ सालीं ऑलिंपिक भरविलें आणि त्याचें कर्ज फिटावयास २००६ साल उजाडलें. आपल्या २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांची कथा तर ताजीच आहे. उद्घाटनाला थोडे दिवस उरले असतां मुख्य क्रीडांगणाजवळचा पादचारी पूल कोसळून मजूर जखमी झाले, आणि पुढील वर्षीं महालेखापरीक्षकांनीं खर्चावर कडक ताशेरे मारले. मुहूर्ताचा धाक कामें करवितो, तसा तो हिशेबाची वहीहि मिटवून ठेवावयास लावतो. तथापि त्याच स्पर्धांत नाशिक जिल्ह्यांतील सावरपाड्याच्या कविता राऊतनें दहा हजार मीटरच्या शर्यतींत कांस्यपदक मिळविलें. धावपट्टीवर वैयक्तिक पदक मिळविणारी राष्ट्रकुल स्पर्धांतील ती पहिली भारतीय स्त्री. तेंहि वहींतून खोडतां येणार नाहीं.

बांधलेलें वापरांत राहिलें तर खर्च पचतो. पुण्याजवळ बालेवाडी येथील क्रीडानगरी १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठीं उभारली. तीच २००८ सालीं राष्ट्रकुल युवक स्पर्धांना उपयोगी पडली आणि २०१८ पासून कांहीं वर्षें तेथें आंतरराष्ट्रीय टेनिसचे सामने झाले.

मी शाळामास्तर, माझी दृष्टि शाळेच्या कुंपणापाशींच अडते. पटांगण नाहीं म्हणून खेळाचा तास गणिताला देणाऱ्या शाळा मीं पाहिल्या आहेत, आणि गणित माझा आवडता विषय असूनहि मला त्याचा आनंद झाला नाहीं. खो-खोला लागतात दोन खांब, चुन्याची फक्की आणि तीस मीटरांच्या आंत मावणारी मोकळी जागा. अहमदाबादच्या खर्चाचा तक्ता मांडला जाईल तेव्हां तालुक्याच्या गांवांतील अशा पटांगणांसाठीं त्यांत एक रकाना असावा, आणि तो सोहळ्यानंतर नव्हे, आधीं भरावा. आज पालमच्या शाळेंत जी मुलगी पंधरा वर्षांची आहे, ती २०३० सालीं विशीच्या उंबरठ्यावर असेल.