काळवंडलेला रुपया घासण्यापूर्वी

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सव ठरला तेव्हा सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, वर्ष चांदीचं आहे, तुम्ही तुमच्या नाण्यांवर बोला." नोकरीभर मी बँकेत लोकांचे पैसे मोजले. निवृत्तीनंतर मोजणं सोडून पैशाकडे नुसतं बघायला लागलो, तोच हा छंद. आज एकच गोष्ट सांगायची आहे, पण ती पैशांची आणि मनाची दोन्ही आहे.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत देव्हाऱ्यात किंवा कपाटात दोन-चार राणीछाप नाहीतर पंचम जॉर्जचे रुपये असतील. 1835 ते 1939 पर्यंतच्या या रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. 1940 पासून युद्धामुळे चांदी निम्म्यावर आणली आणि 1947 चा रुपया तर निकेलचाच. लक्ष्मीपूजनाला हे रुपये बाहेर येतात, काळे दिसतात, आणि आपण चिंच किंवा टूथपेस्ट घेऊन बसतो. तिथेच थांबा!

चांदी हवेनं गंजत नाही. हवेत गंधकाचे वायू अत्यल्प प्रमाणात असतात, त्यांच्याशी संयोग होऊन नाण्यावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर रंग दिसतात ना, तसेच इथेही प्रकाशाच्या खेळामुळे रंग दिसतात. थर वाढत जातो तसा आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा, आणि फार जाड झाला की काळा. याला संग्राहक टोनिंग म्हणतात. सुंदर टोनिंगच्या नाण्याला तशाच पांढऱ्या नाण्यापेक्षा जास्त पैसे मोजणारे लोक आहेत.

हे मला उशिरा कळलं. आईच्या डब्यात कागदात गुंडाळलेले अकरा रुपये होते. त्यातला एक 1919 चा, मागच्या बाजूला खालच्या कमळाखाली बारीक ठिपका, म्हणजे आपल्या मुंबईच्या टांकसाळीचा. त्या काळात चांदीची इतकी टंचाई होती की अमेरिकेनं 1918 मध्ये कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली. असे रुपये कोट्यवधी पाडले गेले, तेव्हा नाणं दुर्मीळ नव्हे. पण याच्या कडेला सोनेरी, आत जांभळी आणि मध्ये निळी झाक होती. मला वाटलं, डाग पडलेत. बाजारातून पातळ द्रव आणला, बुडवला, दहा सेकंदांत नाणं पांढरंशुभ्र! मोठ्या अभिमानानं एका जुन्या संग्राहकांना दाखवलं. त्यांनी दिव्याखाली जरा तिरकं केलं आणि एवढंच विचारलं, "धुतलंत?" शंभर वर्षांत जमलेलं मी दहा सेकंदांत घालवलं होतं. ते परत येत नाही.

आता प्रत कशी ठरते ते सांगतो. जगभर 1 ते 70 अशी शेल्डन श्रेणी वापरतात. 60 च्या पुढचं नाणं वापरात न आलेलं. आधी झीज बघायची: राजाचा गाल, मिशी, मुकुट आणि अंगरख्यावरचा हत्ती. मग चमक. ट्यूबलाइटखाली नव्हे, एका बल्बखाली नाणं हळूहळू तिरकं करा. चांगल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. धुतलेल्यावर तो मेलेला असतो, आणि घासलेल्यावर केसासारख्या बारीक रेषा दिसतात. अशा नाण्याला प्रमाणित करणाऱ्या संस्था आकडा देत नाहीत, नुसतं 'साफ केलेलं' असा शेरा मारतात. रंगाचा विचार सगळ्यात शेवटी. झिजलेलं नाणं रंगामुळे नवं होत नाही, उलट गडद रंगाखाली ओरखडे लपतात.

रंगाला भाव आला म्हटल्यावर नकली रंगही आले. गंधक लावून किंवा तापवून रंग चढवतात. खरा रंग मी सांगितलेल्या क्रमानं हळूहळू बदलतो आणि त्याखालून चमक फिरताना दिसते. रंगांचे ठिपके, क्रम उलटसुलट, किंवा ओरखड्यांवरच रंग बसलेला, असं दिसलं तर हात जोडून परत करा.

जपणूक सोपी आहे. नाणं कडेनं धरा. रबरबँड लावू नका, त्यात गंधक असतं. पीव्हीसीची मऊ पाकिटं टाळा, त्यांचा हिरवा चिकटा नाण्याला लागतो. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, आपल्याकडे पावसाळा आहेच.

आणि ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांनी नीट ऐका. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. नातवाला आठवण म्हणून बॅगेत टाकू नका.

शेवटचं. कोणी म्हणेल, मग आमच्या आईनं वर्षानुवर्षं चिंचेनं नाणी घासली, ती वाया गेली का? मुळीच नाही. माझ्या आईचे दहा रुपये तसेच गुळगुळीत आहेत. बाजारात त्यांना फक्त चांदीचा भाव. पण राणीच्या गालावर जी झीज आहे, ती माझ्या आईच्या अंगठ्याची आहे, आणि तिला कुठल्याही श्रेणीत आकडा नाही. म्हणून मी दोन डबे केलेत. एक पूजेचा: त्यातली घासा, धुवा, हळदकुंकू वाहा. दुसरा जपण्याचा: त्याला हात लावायचा नाही. मी धुतलेला 1919 चा रुपया आता पूजेच्या डब्यात आहे.

येत्या दिवाळीला चिंच भिजवण्याआधी एकदा मला बोलवा. भिंग घेऊन येईन, फी म्हणजे एक कप चहा.