एस. एम. कृष्णा : मद्दूर ते इलेक्ट्रॉनिक सिटी



होसूर रस्त्यावरील ही इलेक्ट्रॉनिक सिटी कोणा एका मुख्यमंत्र्याची निर्मिती नव्हे. देवराज अर्स यांच्या कारकिर्दीत, १९७६ साली, केऑनिक्स हे राज्य शासनाचे महामंडळ स्थापन झाले. त्याचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या परिसरातील सुमारे ३३२ एकरांवर ही वसाहत आकारास आली. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बेंगळूरूला आली आणि १९९४ मध्ये येथे स्थिरावली. आर्थिक उदारीकरणानंतर सॉफ्टवेअर निर्यात वेगाने वाढली. मात्र रस्ते, पाणी आणि नागरी प्रशासन त्या वेगाशी जुळवून घेऊ शकले नाही. अशा वेळी, ऑक्टोबर १९९९ मध्ये, एस. एम. कृष्णा मुख्यमंत्री झाले.

कृष्णा यांचा जन्म १ मे १९३२ रोजी मंड्य जिल्ह्यातील सोमनहळ्ळी येथे झाला. कायद्याचे शिक्षण त्यांनी येथे व पुढे अमेरिकेत घेतले. १९६२ मध्ये मद्दूर मतदारसंघातून ते अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून आले. प्रजा समाजवादी पक्षातून काँग्रेसमध्ये आलेल्या या नेत्याने लोकसभा, केंद्रातील राज्यमंत्रिपद, विधानसभेचे अध्यक्षपद आणि उपमुख्यमंत्रिपद असा दीर्घ अनुभव मिळवला होता.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत लक्षणीय प्रयोग प्रशासनाचे होते. १९९९ मध्ये नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली बेंगळूरूसाठी कृती दल नेमण्यात आले. २००० मध्ये मालमत्ता कराची स्वयंमूल्यांकन पद्धत आली. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे जवळजवळ दोन कोटी जमीन-अभिलेख संगणकावर आले आणि पंधरा रुपयांत तालुक्याच्या ठिकाणी उतारा मिळू लागला. २००३ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘यशस्विनी’ योजनेने सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांना महिना पाच रुपयांत शस्त्रक्रियेचे संरक्षण दिले. या योजनेची कल्पना मांडणारे डॉ. देवी शेट्टी यांचे रुग्णालय येथून जवळच, बोम्मसंद्र येथे आहे.

असे असूनही २००४ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या जागा १३२ वरून ६५ वर आल्या. स्वतः कृष्णा मद्दूर सोडून बेंगळूरूतील चामराजपेठेतून निवडून आले होते. पराभवाची कारणे अनेक होती. तथापि २००१ पासून सलग तीन वर्षे पडलेला दुष्काळ आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांकडे दुर्लक्ष करून त्याचा अर्थ लावता येत नाही. संगणकीय उताऱ्याने तलाठ्यावरील अवलंबन कमी झाले. पण विहिरीला पाणी, पिकाला भाव आणि वेळेवर कर्ज हे प्रश्न त्यातून सुटणारे नव्हते. सॉफ्टवेअर उद्योगाने उच्चशिक्षितांना उत्तम वेतन दिले. कोरडवाहू शेतीतून बाहेर पडू पाहणाऱ्या अल्पशिक्षित मजुराला मात्र त्याने फारसा थेट रोजगार दिला नाही. राज्याचे उत्पन्न वाढणे आणि त्या वाढीत बहुसंख्यांचा वाटा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डिसेंबर २००४ ते मार्च २००८ या काळात कृष्णा महाराष्ट्राचे राज्यपाल होते. हिंजवडीचा विस्तार आणि विदर्भातील कृषी संकट ही दोन्ही चित्रे तेव्हा महाराष्ट्रात एकाच वेळी दिसत होती. पुढे ते २००९ ते २०१२ देशाचे परराष्ट्रमंत्री होते. २०१७ मध्ये त्यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. २०२३ मध्ये त्यांना पद्मविभूषण प्राप्त झाले आणि १० डिसेंबर २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत पोहोचली. शहराच्या गरजा उशिरा का होईना, नियोजनात स्थान मिळवतात. नगरांत निर्माण होणारा महसूल सिंचन, ग्रामीण शिक्षण आणि तालुका पातळीवरील लघुउद्योगांकडे किती प्रमाणात वळतो, याचा हिशेब प्रत्येक अर्थसंकल्पात मांडला जावा, हाच कृष्णा यांच्या यशापयशातून राज्यकर्त्यांनी घ्यावयाचा बोध आहे.