सरसला निघताना बॅग भरायची कशी?
(प्रभागसंघाच्या बैठकीत केलेलं बोलणं)

मुंबईच्या महालक्ष्मी सरसला जायचं ठरलं की आपण माल कसा निगुतीनं बांधतो! बरण्यांना कागद गुंडाळतो, खोक्यावर नाव घालतो. स्वतःची बॅग मात्र कशीही कोंबतो. मीही तेच करायची. एकदा रेल्वेत, कुर्डुवाडीच्या पुढं, सोबतच्या ताईचं डोकं ठणकायला लागलं. बीपीची गोळी घ्यायची राहिली होती आणि ती बॅगेच्या तळाशी. साड्या, टॉवेल, चटणीचे पुडे सगळं बाकावर काढलं, तेव्हा गोळी सापडली. तोवर माझा जीव टांगणीला.

घरी आल्याबरोबर जुन्या सुती साडीच्या चार नाडीच्या पिशव्या शिवल्या. असे कप्पे विकत मिळतात, पण मशीन घरात असताना पैसे कशाला घालायचे? एका बाजूला मच्छरदाणीची जाळी लावा, आतलं दिसतं. साडी, परकर, ब्लाउज यांची एकेका दिवसाची वळकटी करा. वापरलेले कपडे वेगळ्या पिशवीत. तेलाची बाटली प्लास्टिकमध्येच, नाहीतर पावतीपुस्तक तेलकट होतं आणि हिशेब वाचता येत नाही. गोळ्या, आधार कार्ड, सुट्टे पैसे बॅगेत नकोतच, खांद्याच्या पिशवीत ठेवा.

आपल्या आज्यांची चंची आठवा. पानाला एक कप्पा, सुपारीला एक, काताला एक. अंधारातसुद्धा चाचपून बरोबर काढायच्या.

आणि हो, गोळ्यांच्या पिशवीचा रंग सोबतच्या बाईला सांगून ठेवा. माझी लाल आहे.