तीस जीव

वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, मग बी, ए आणि स्टार्ट! सुट्टीत कॅसेट फुंकून ‘काँट्रा’ खेळलेल्यांची बोटं हे विसरली नसतील. तीन जिवांचे तीस व्हायचे. ही युक्ती काझुहिसा हाशिमोतो यांची. १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ तपासताना तो त्यांना स्वतःलाच झेपेना, म्हणून त्यांनी ती त्यात घातली.

आमच्या कॅसेटवर नाव-गाव नसायचं. खेळ कोनामीचा हे पुढे कळलं, आणि ती कंपनी लाडकी झाली.

मग २०१५ उजाडलं. ‘सायलेंट हिल्स’ रद्द झाला, डिसेंबरात हिदेओ कोजिमा बाहेर पडले. २०१६ मध्ये त्यांच्या ‘मेटल गिअर सॉलिड ३’चं जुगारी यंत्र निघालं. धंदा आहे, कळतं हो. पण ओढ आटली ती आटलीच.

२०२४ मध्ये नवा ‘काँट्रा’ आला. धाकट्याचा फोन, “दादा, घेऊया?”

लहानपणी स्वतःचे जीव संपले की हा माझ्यातला एक न विचारता उचलायचा. खेळात तशी सोयच होती. त्यावरून केवढ्या मारामाऱ्या!

मी “बघू” म्हटलं. त्याने पुन्हा विचारलेलं नाही.