डॅनीचा न दिसणारा मित्र

(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



गणपतीच्या मांडवात भुताची गोष्ट कशाला, असं मला अध्यक्षांनी हसत हसत विचारलं. मी म्हटलं, विघ्नहर्ता समोर बसलेला असताना सांगितलेली बरी! आणि जयपूरकरांना भुताचं काय नवल? सूर्यास्तानंतर आत जायला पुरातत्त्व खात्याची मनाई असलेला भानगढचा किल्ला आपल्या जवळच आहे.

कादंबरी आहे स्टीफन किंग यांची ‘द शायनिंग’, १९७७ सालची. या लेखकाला आपण मराठी वाचक नारायण धारपांच्या वाटेने आधीच भेटलेलो आहोत. धारपांची ‘लुचाई’ आणि ‘शपथ’ किंगच्याच कादंबऱ्यांवर बेतलेल्या. ‘शायनिंग’ची एक जुनी प्रत मला चौड्या रास्त्यावर मिळाली आणि ती आपल्यातल्या सहा-सात घरांत फिरली. त्या घरांतल्या प्रतिक्रिया ऐकून आजचा विषय सुचला.

कथा थोडक्यात अशी. जॅक टॉरन्स हा शाळेतली नोकरी गमावलेला मास्तर. हिवाळ्यात बर्फाने वेढल्या जाणाऱ्या, बंद पडलेल्या हॉटेलची राखण करायची नोकरी तो धरतो आणि बायको व पाच वर्षांच्या डॅनीला घेऊन तिथे राहायला जातो. डॅनीला एक मित्र आहे, टोनी. तो फक्त डॅनीलाच दिसतो, लांबून हाक मारतो आणि पुढे घडणाऱ्या भयंकर गोष्टी दाखवतो.

आता प्रतिक्रिया. एका वहिनींनी पुस्तक निम्म्यातच परत पाठवलं. घरात लहान मूल आहे, नको म्हणाल्या. आमच्या ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याने फक्त कुब्रिकचा १९८० सालचा सिनेमा पाहिलेला. त्यात टोनी डॅनीच्या तोंडात राहतो आणि डॅनी बोट वाकवून घोगऱ्या आवाजात बोलतो. त्यामुळे पोराला झपाटलंय, यावर तो ठाम. एक निवृत्त काका म्हणाले, टोनीला आधी घरातून घालवायला हवा होता. थोडक्यात, बहुतेकांना भीती वाटली ती टोनीची.

मलाही पहिल्या वाचनात तसंच वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की, टोनी अख्ख्या पुस्तकात त्या मुलाशी एकदाही खोटं बोलत नाही. दारूच्या नशेत डॅनीचा हात मोडला तो बापाने. आईबापांच्या मनात घटस्फोटाचा विचार घोळतोय, हे डॅनीला कळतं. हॉटेलात काय वाढून ठेवलंय तेही त्याला तिथे जाण्याआधीच दिसलेलं असतं. तरी पोर गप्प राहतं, कारण बाबांना या नोकरीची किती गरज आहे हे त्याला ठाऊक असतं. माझ्या मते सबंध कादंबरीत याहून अंगावर येणारं काही नाही. भुतंखेतं त्यापुढे किरकोळ.

गावातला डॉक्टर डॅनीला तपासतो आणि समजावतो की, एकट्या मुलाने निर्माण केलेला हा सोबती, आता जाईल. डॉक्टर अगदीच चुकलेला नाही. मार्जोरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सात वर्षांपर्यंतच्या ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा काल्पनिक सोबती असल्याचं आढळलं होतं. म्हणजे वहिनींनी घाबरायचं कारण नाही. पण तो सोबती काय सांगतोय, हे मात्र डॉक्टर ऐकत नाही.

हे मी एवढ्या जोरात का सांगतोय? आम्ही सांगलीहून बदलीवर इथे आलो तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती. महिनाभरात आमच्याकडे बंडू राहायला आला. बंडू दिसायचा नाही, पण त्याचं ताट मांडावं लागे. तो फक्त मराठी बोले. बायको म्हणाली, असू दे. मी मात्र घाबरलो आणि एके रात्री ओरडलो, “बंडू-बिंडू कोणी नाही, कळलं?” ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “बरं बाबा. पण बंडूला बसमध्ये बसायचं नाहीये.”

बायकोने दुसऱ्या दिवशी बंडूलाच विचारलं, का रे बाबा? तेव्हा कळलं की, शाळेच्या बसमधली मोठी मुलं रोज तिच्या हिंदीची नक्कल करत, डबा हिसकावून घेत. महिनाभर ती आम्हाला बोलली नव्हती. का, तर बाबांना बढती मिळाली होती आणि बाबा खूश होते.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांची माफी मागून शेवटातली एक गोष्ट सांगतो. टोनी म्हणजे दहा वर्षांनी मोठा झालेला डॅनीच. मुलाचं पूर्ण नावच डॅनियल अँथनी टॉरन्स, आणि टोनी हे त्या अँथनीचंच लाडकं रूप. सिनेमात हा उलगडा नाही, म्हणून त्या सहकाऱ्याला माझा आग्रह आहे की पुस्तक वाच.

माझी मुलगी आता कॉलेजात आहे. बंडू कधी गेला ते तिला आठवत नाही. मला मात्र त्याचं ताट आठवतं. वरणभातावर तूप जास्त लागायचं त्याला.

निम्म्यात पुस्तक परत पाठवणाऱ्या वहिनींनी काल आरतीनंतर हळूच विचारलं, पुढे डॅनी वाचतो का हो? मी सांगितलं नाही. प्रत आमच्या घरी आहे. कोणाला हवी असेल त्यांनी प्रसाद घेताना मला सांगावं, पहिला नंबर वहिनींचा.

गणपती बाप्पा मोरया!